नागपुरातल्या कोरड्या गवताळ जागांवरचे कोळी आणि भू-भुंगेरे: पहिल्यांदा मोजणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

एम.एस्सी.चा प्रकल्प असो, कॉलेजच्या निसर्ग मंडळाचं काम असो किंवा स्वतःचं कुतूहल असो, नागपुरातल्या गवतात कोणते कोळी आणि भुंगेरे राहतात हे नीट मोजायचं ठरवलं असेल तर हा लेख तुमच्यासाठी आहे. मी या सगळ्यातून गेलो आहे. सुरुवातीला जी माहिती हाती लागते ती बहुतेक युरोपातल्या गवताळ प्रदेशांसाठी लिहिलेली असते. तिथे पाऊस वर्षभर थोडा थोडा पडतो आणि सापळ्यांचा, म्हणजे प्राणी पडावेत म्हणून जमिनीत गाडलेल्या डब्यांचा, हंगाम एप्रिल ते ऑक्टोबर असतो. आपल्याकडे जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत पाऊस, मे महिन्यात पंचेचाळीसच्या पुढे जाणारा पारा आणि पायाखाली काळी माती किंवा मुरूम. ती पद्धत जशीच्या तशी उचलली तर पहिला हंगाम वाया जातो.

कोळी आणि भू-भुंगेरे (जमिनीवर पळणारे, कॅराबिडी कुटुंबातले भुंगेरे) हीच जोडी का निवडायची? दोघंही बहुतांशी शिकारी. एखाद्या ठराविक झाडापेक्षा गवताच्या ठेवणीवर त्यांचं जास्त अवलंबून असतं: गवत किती उंच आहे, बुंध्याशी पाचोळा किती आहे, जमीन किती उघडी आहे. त्यामुळे गवत कापलं, जाळलं, तुडवलं की त्याचा परिणाम त्यांच्यावर लवकर दिसतो. शिवाय एकाच सापळ्यात दोघंही सापडतात, म्हणजे एका मेहनतीत दोन गटांची माहिती मिळते.

१. आधी गवताची कुंडली मांडा

ही पायरी सगळेच गाळतात आणि माझ्या मते हीच सर्वांत महत्त्वाची आहे. शहरातलं गवत आपोआप तसं राहिलेलं नसतं. कोणीतरी ते कापतं, चारतं, जाळतं, त्याला पाणी देतं किंवा त्यावर रोपं लावतं. हे माहीत नसेल तर तुमच्या यादीतून काहीच कळत नाही. एका जागी वीस जाती आणि दुसऱ्या जागी बारा मिळाल्या, पण दुसऱ्या जागेवर चार दिवसांपूर्वीच मशीन फिरलं होतं, हे नोंदलेलं नसेल तर तुलना कशाची करणार?

ही माहिती कागदावर कुठे मिळत नाही. माळी, चौकीदार आणि गवत कापणाऱ्या मजुरांशी बोलावं लागतं. "भाऊ, इथलं गवत मागच्या खेपेला कधी कापलं?" इथून सुरुवात करा. ही माणसं गवताला वर्षानुवर्षं पाहत असतात. साप कुठे निघतो, पाणी कुठे साचतं, कोणत्या कोपऱ्यात दर उन्हाळ्यात आग लागते, हे सगळं त्यांना ठाऊक असतं. प्रत्येक जागेसाठी वहीचं एक पान ठेवा आणि त्यावर हे लिहा:

- कापणी: वर्षातून किती वेळा, कोणत्या महिन्यात, विळ्याने की ब्रश कटरने, किती उंची ठेवून
- कापलेलं गवत उचलून नेतात, तिथेच सोडतात की ढीग करून जाळतात
- चराई: गाई, म्हशी, शेळ्या, रोज की अधूनमधून
- आग: शेवटची कधी, संपूर्ण जागेवर की पट्ट्यात
- पाणी आणि फवारणी: उन्हाळ्यात पाणी देतात का, पावसाळ्यानंतर डासांसाठी धूर सोडतात का
- नवीन रोपलागवड, मुरूम टाकणं, सपाटीकरण

सोबत गवत मोजा. प्रत्येक भूखंडात दहा ठिकाणी पट्टी उभी धरून उंची घ्या, उघडी जमीन किती टक्के आहे याचा अंदाज घ्या, पाचोळ्याची जाडी नोंदवा. मुख्य गवतं ओळखायला शिका: कुसळी, मारवेल, पवन्या, तिखाडी, हरळी. गाजर गवत, घाणेरी किंवा सुबाभूळ किती शिरली आहे, तेही लिहा. हे सगळं प्रत्येक हंगामात पुन्हा करायचं, कारण ऑगस्टमध्ये कमरेपर्यंत असलेलं गवत नोव्हेंबरात घोट्याएवढं झालेलं असू शकतं.

२. जागा निवडा

नागपुरात जागांची वाण नाही. अंबाझरी जैवविविधता उद्यानातली मोकळी गवताळ माळं, अमरावती रोडवरचा विद्यापीठ परिसर, मोठ्या संस्थांची आवारं, सेमिनरी हिल्सचे उतार आणि शहराच्या कडेला ले-आऊटमधले वर्षानुवर्षं रिकामे पडलेले प्लॉट. या शेवटच्या प्रकाराला कमी लेखू नका. कुंपण नसलेल्या, मुरमाड, दरवर्षी एकदाच कापल्या जाणाऱ्या प्लॉटमध्येही उत्तम यादी तयार होते.

कोरडी गवताळ जागा म्हणजे पाणी न दिलेली, पावसावर वाढणारी आणि हिवाळ्यात वाळणारी. बागेतलं पाणी दिलेलं लॉन वेगळं. हवं तर त्याचा वेगळा गट करा. तलावाच्या काठापासूनही दूर राहा. फुटाळा किंवा अंबाझरीच्या ओल्या काठावर पाण्याजवळ राहणारे कोळी आणि भुंगेरे येतात. ते तुमच्या सापळ्यात आले तर कोरड्या गवताची यादी उगाच फुगते.

आता सापळ्यांच्या संख्येपेक्षा मोठी अडचण सांगतो. एका कापलेल्या जागेत दहा सापळे आणि एका न कापलेल्या जागेत दहा सापळे लावले म्हणजे दहा-दहा नमुने झाले असं नवख्यांना वाटतं. तसं नाही. ते एकेका जागेचे नमुने आहेत. फरक कापणीमुळे पडला, मातीमुळे पडला की शेजारच्या नाल्यामुळे, हे त्यातून कळणार नाही. म्हणून वारंवार कापलेल्या, वर्षातून एकदा कापलेल्या आणि न कापलेल्या अशा प्रत्येक प्रकारच्या किमान तीन-चार वेगवेगळ्या जागा घ्या, आणि प्रत्येक जागेत पाच सापळे पुरे. सापळे कमी झाले तरी चालेल, जागा कमी करू नका.

३. परवानग्या आणि कागदपत्रं

आधी जागा कोणाची आहे ते शोधा. बाग महानगरपालिकेची की सुधार प्रन्यासची, हे शेजाऱ्यांनाही बरेचदा माहीत नसतं, माळ्याला विचारा. वन विभागाच्या जागेत नमुने गोळा करायला लेखी परवानगी लागतेच, आणि ती यायला वेळ लागतो, म्हणून पावसाळ्याच्या कामाचा अर्ज मार्चमध्येच द्या. सैन्य, रेल्वे आणि विमानतळाच्या जमिनी कितीही मोहात पाडत असल्या तरी त्यांचा नाद सोडा.

हे कागद जवळ ठेवा:

- विभागप्रमुखांचं किंवा मार्गदर्शकांचं सही-शिक्क्याचं पत्र
- जागामालकाची परवानगी, तारखा आणि नकाशासह
- ओळखपत्र आणि सोबत्यांची नावं
- पद्धतीचं एक पानी वर्णन साध्या मराठीत: कोणते प्राणी, किती सापळे, कोणतं द्रव, किती दिवस
- पोलिस ठाण्याला दिलेल्या सूचनापत्राची पोच, रात्री काम करणार असाल तर

एक पानी वर्णनाचा सर्वांत जास्त उपयोग होतो. बॅटरी घेऊन गवतात वाकलेल्या माणसाला लोक हटकतात आणि ते बरोबरच आहे. तो कागद हातात दिला की बोलणं सोपं होतं.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा आणि जैविक विविधता कायदा २००२चा, दोन्ही डोक्यात असू द्या. विशेषतः नमुने परदेशातल्या कोणा तज्ज्ञाकडे पाठवायचा विचार असेल तर आधी चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचे नियम पाहा. महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळाचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. शंका असेल तर तिथे प्रत्यक्ष जाऊन विचारता येतं.

४. स्वतःची काळजी

गवतात घोणस असते. ती गवताच्या रंगात मिसळून निवांत पडलेली असते आणि पाय पडेपर्यंत हलत नाही. गमबूट घाला, पुढे काठी आपटत चला, दगड उलटायचा तर हाताने न उलटता पहारीने आपल्याकडे ओढून उलटा, म्हणजे दगड तुमच्या आणि त्याखालच्या जिवाच्या मध्ये राहतो. उलटलेला दगड जसा होता तसा परत ठेवा.

सापाइतकीच भीती स्क्रब टायफसची बाळगा. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपास या तापाची मोठी साथ आली होती. गवतातल्या बारीक माइट्सच्या (गोचिडीच्या जातकुळीतल्या जिवांच्या) पिल्लांच्या चावण्यातून तो होतो आणि ऑगस्ट ते ऑक्टोबर हाच आपल्या कामाचा ऐन हंगाम. पॅन्ट मोज्यात खोचा, गवतावर बसू नका, कपडे गवतावर ठेवू नका, घरी आल्यावर लगेच साबणाने आंघोळ करा आणि कपडे वेगळे धुवा. नंतरच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना "मी गवतात काम करतो" हे स्वतःहून सांगा. अंगावर कुठे काळी खपली दिसते का ते पाहा. काखेत, जांघेत, कमरेच्या पट्ट्याखाली ती लपलेली असते. वेळेत ओळखला तर हा ताप साध्या औषधाने बरा होतो, उशीर झाला तर जिवावर बेततो.

५. सामान

बहुतेक सगळं इतवारीत किंवा बर्डीवर मिळतं.

- एकाच मापाचे प्लॅस्टिकचे डबे, तोंड सात-आठ सेंटीमीटर, खोली दहा सेंटीमीटर. प्रत्येक सापळ्याला दोन
- छपरासाठी पंधरा सेंटीमीटर चौरस प्लायवूडचे तुकडे आणि लांब खिळे
- मोठ्या छिद्रांची कोंबडीजाळी
- खुरपं, पहार, मोजपट्टी, दोरी
- जाडं मीठ, भांडी घासायचं द्रव
- झाकणाच्या काचेच्या बाटल्या, मऊ चिमटा, रंगकामाचा बारीक ब्रश, चहाची गाळणी
- कपाळावर बांधायची बॅटरी
- जाड कापडाची हातजाळी, तोंडाचा व्यास ३५ ते ४० सेंटीमीटर
- पेन्सिल, जाड कागद, वही
- अल्कोहोल

डब्यांबद्दल: एकदा वापरून फेकायच्या प्लॅस्टिक ग्लासांवर जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, आणि तसेही ते काळ्या मातीत चेपतात. श्रीखंडाचे रिकामे डबे धुऊन जमवा. एकाच मापाचे मिळतात, एकात एक बसतात आणि अनेक हंगाम टिकतात. तोंडाचं माप सगळ्यांचं एकच हवं, कारण मोठ्या तोंडात जास्त प्राणी पडतात.

अल्कोहोलबद्दल: इथेनॉलची खरेदी उत्पादन शुल्क विभागाच्या नियमांत येते, म्हणून ते कॉलेजच्या प्रयोगशाळेतूनच घ्या. संस्थेचा आधार नसेल तर सत्तर टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं; ते औषधांच्या दुकानात मिळतं.

६. वेळापत्रक ठरवा

वर्षाचे चार टप्पे करा. पहिला जूनअखेर ते जुलै: पहिल्या पावसाबरोबर भू-भुंगेरे बाहेर पडतात आणि हा टप्पा चुकला तर त्यांची अर्धी यादी चुकते. दुसरा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर: गवत पूर्ण वाढलेलं असतं आणि जाळी विणणारे कोळी मोठे झालेले असतात. तिसरा डिसेंबर-जानेवारी, कापणीनंतरचा. चौथा मार्च. एप्रिल-मेमध्ये दिवसा काम करू नका; त्या दिवसांत जमिनीवरचं बहुतेक जीवन रात्री चालतं, तेव्हा बॅटरीने पाहा.

सर्व जागांवर सापळे एकाच दिवशी उघडा आणि एकाच दिवशी उचला. एका जागी पावसाच्या आधी आणि दुसऱ्या जागी पावसानंतर सापळे लावले तर त्या आकड्यांत पावसाचा फरक मिसळतो.

७. खड्डा सापळे लावा

तत्त्व सोपं आहे: डबा जमिनीत गाडायचा, तोंड जमिनीच्या पातळीत ठेवायचं, चालता चालता प्राणी आत पडतात. अडचणी सगळ्या आपल्या मातीतून येतात.

काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, डब्याच्या कडेभोवती फट पडते आणि प्राणी डब्यात न पडता फटीत उतरतो. पावसाळ्यात तीच माती फुगून डबा चेपते, खालून पाणी येऊन आतला डबा वर उचलला जातो. दोन्हींवर उपाय एकच: दोन डबे. बाहेरचा कायमचा गाडायचा, त्याच्या तळाला छिद्रं पाडायची, खाली मूठभर खडी घालायची. आतला डबा उचलायचा-ठेवायचा. खड्डे मेच्या तापलेल्या जमिनीत घेऊ नका आणि चिखलातही नको. दोन-तीन सरी पडून वापसा आला की घ्या. माती तेव्हा डब्याभोवती हाताने दाबून घट्ट बसवता येते. मुरमाड जागेत पहारीशिवाय गत्यंतर नाही, आणि तिथे कडेची पोकळी बारीक मातीने भरून पाणी शिंपडावं लागतं.

कड जमिनीच्या पातळीत हवी किंवा किंचित खाली. कड थोडीशीही वर आली तर लहान कोळी तिला वळसा घालून निघून जातात. बोट फिरवून पाहा. बोटाला कड लागली तर पुन्हा बसवा.

खणल्यावर लगेच सापळे उघडू नका. ताज्या उकरलेल्या मातीकडे अनेक भुंगेरे ओढले जातात आणि पहिल्या दिवसांत आकडा खोटा वाढतो. आठवडाभर झाकण लावून ठेवा, मगच उघडा.

सापळ्यांमध्ये दहा मीटर अंतर ठेवा, आणि रस्ता, नाली, कुंपण यांपासून दहा मीटर आत या. वर प्लायवूडचं छप्पर खिळ्यांवर तीन-चार सेंटीमीटर उंच ठेवा. छपराखाली जाळी हवीच. पावसाळ्यात बेडूक, भेक, सापसुरळ्या, चिचुंद्र्या डब्यात पडतात, आणि त्यांना मरू देणं मला अजिबात मान्य नाही. जाळीची छिद्रं दीड-दोन सेंटीमीटरची ठेवली तर मोठे भुंगेरेही आत येऊ शकतात.

द्रव कोणतं? एक लिटर पाण्यात साधारण साडेतीनशे ग्रॅम मीठ विरघळतं. तेवढं संपृक्त पाणी करा आणि त्यात साबणाचे दोन-तीन थेंब टाका, म्हणजे प्राणी वर तरंगून निसटत नाही. डबा एक तृतीयांश भरा. गाडीतलं कूलंट वापरायचा सल्ला काही जण देतात; तो ऐकू नका. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल गोड असतं आणि कुत्री-गुरं ते पिऊन मरतात. मिठाचाही एक धोका आहे: चरणाऱ्या गाई मीठ चाटायला येतात. चराईच्या जागेत जाळी खिळ्यांनी जमिनीला ठोकून टाका.

पावसाळ्यात सापळे तीन-चार दिवसांच्या वर उघडे ठेवू नका, नमुने सडतात. इतर टप्प्यांत सात दिवस चालतात, पण मार्चमध्ये मधे एकदा द्रव भरावं लागतं. कुत्र्यांनी उकरलेले, पाण्याने भरलेले सापळे नोंदवून वगळा, आणि शेवटी आकडा नेहमी "शंभर सापळा-दिवसांमागे इतके" असा काढा (एक सापळा एक दिवस उघडा राहिला की एक सापळा-दिवस). तरच टप्प्याटप्प्यांची तुलना जमते.

प्राणी मारायचे नसतील तर सुका सापळा लावा: डब्यात थोडी माती आणि पाचोळा, आणि रोज सूर्योदयाला तपासणी. त्यात कोळी एकमेकांना खातात, त्यामुळे आकडे कच्चे राहतात. पण कुटुंबं ओळखायला शिकण्यासाठी सुरुवात यानेच करावी असं मी सांगेन.

आणि हे विसरू नका: खड्डा सापळा संख्या मोजत नाही. तो संख्या आणि हालचाल एकत्र मोजतो. दाट गवतात भुंगेऱ्याला चालायला अडथळा होतो, म्हणून तो कमी वेळा डब्याशी पोहोचतो. गवत कापलं की तोच भुंगेरा मोकळा धावतो आणि सापळ्यातला आकडा वाढतो. त्यावरून "कापणीने भुंगेरे वाढले" असं लिहिणं चूक आहे. म्हणूनच पहिल्या पायरीत गवताची उंची मोजायला सांगितली, आणि म्हणूनच पुढची पायरी लागते.

८. सापळ्याबाहेरही शोधा

एक मीटर चौरस लाकडी चौकट टाका आणि दोघांनी मिळून दहा मिनिटं तिच्या आतलं गवत, बुंधे, पाचोळा हाताने तपासा. ही पद्धत कापलेल्या आणि न कापलेल्या दोन्ही गवतांत सारखीच चालते.

हातजाळी उभ्या गवतासाठी. प्रत्येक भूखंडात पन्नास झोले, एकाच वेगाने. दव उतरल्यावरच, ओल्या कापडात कोळी चिरडतात. कुसळीला काटे धरले की कापड त्यांनी भरून जातं, म्हणून कुसळी पिकण्याआधी हे काम उरका.

रात्री बॅटरी कपाळावर, डोळ्यांच्या रेषेत बांधा आणि जमिनीकडे पाहा. गवतात हिरवट चमकणारे ठिपके दिसतील. ते लांडगा कोळ्यांचे डोळे. बॅटरी हातात कमरेजवळ धरली तर ती चमक दिसत नाही. पहिल्यांदा ते पाहिल्यावर आपल्या पायाखाली किती जीव आहेत याची जाणीव होते.

ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या दवाच्या सकाळी आणखी एक सोपी गणना करता येते. हिप्पासा या लांडगा कोळ्याची नरसाळ्यासारखी जाळी गवताच्या बुंध्याशी असतात. एरवी ती नजरेत येत नाहीत, दव पडलं की पांढरी उठून दिसतात. दोरीने आखलेल्या पट्ट्यातून चालत ती मोजा. यात एकही प्राणी मरत नाही आणि शाळेतली मुलंही हे करू शकतात.

९. नमुने आणि लेबल

गाळणीतून गाळा, साध्या पाण्याने मीठ धुऊन टाका, मग सत्तर ते ऐंशी टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा. कोळी कधीच वाळवायचा नाही, तो आक्रसतो. लेबल पेन्सिलने लिहून बाटलीच्या आत टाका. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते आणि बाहेर चिकटवलेला कागद सुटतो. लेबलवर जागा, अक्षांश-रेखांश, तारीख, पद्धत, सापळा क्रमांक आणि गोळा करणाऱ्याचं नाव. लेबल नसलेला नमुना कितीही दुर्मीळ असला तरी अभ्यासाला निरुपयोगी.

१०. ओळख: आधी कुटुंब, मग पुढचं

जगात आतापर्यंत ५० हजारांहून अधिक जातींचे कोळी आणि सुमारे ४० हजार जातींचे भू-भुंगेरे नोंदले गेले आहेत. पहिल्या वर्षी जातीपर्यंत पोहोचायचा हट्ट धरू नका. कुटुंब बिनचूक ओळखता आलं तरी पुष्कळ काम होतं.

कोळ्यांत डोळ्यांची मांडणी पाहा. लांडगा कोळी, म्हणजे लायकोसिडी: पुढे चार लहान डोळ्यांची ओळ, तिच्या वर दोन मोठे, मागे आणखी दोन. मादी अंड्यांची गोळी पोटाच्या टोकाला बांधून फिरते आणि नंतर पिल्लं पाठीवर घेते. उड्या मारणारे सॅल्टिसिडी: समोर दोन मोठे डोळे. खेकडा कोळी, थोमिसिडी: पुढच्या दोन जोड्या पाय लांब, चाल आडवी, फुलोऱ्यावर दबा धरून. ऑक्सिओपिडी: डोळे षटकोनात, पायांवर उभे काटे, गवताच्या शेंड्यावर. ग्नॅफोसिडी: काळपट, रात्री हिंडणारे, पोटाच्या टोकाला दोन नळ्या स्पष्ट दिसतात; सापळ्यात हे हमखास येतात. चाकासारखं जाळं विणणारे अरॅनिडी, त्यांत आर्जिओपीच्या जाळ्यातली नागमोडी पांढरी नक्षी लगेच ओळखू येते. गवताच्या कडेच्या बोरी-बाभळींवर दाट, मळकट सामूहिक घरटं दिसलं तर ते स्टेगोडायफसचं. फक्त घरटी मोजा, तोडू नका.

पावसाच्या सुरुवातीला दिसणारा लाल मखमली मृगाचा किडा आठ पायांचा असला तरी कोळी नाही, तो माइट. मोठ्या जबड्याचा, वेगाने पळणारा वाळवंटी दिसणारा प्राणीही कोळी नव्हे, तो सॉलिफ्यूज.

पिल्लांची एक मोठी अडचण असते. कोळ्याची जात नराच्या पुढच्या स्पर्शकांवरून आणि मादीच्या पोटाखालच्या जननांगाच्या रचनेवरून ठरते, आणि ती फक्त प्रौढात तयार असते. तुमच्या नमुन्यांतला मोठा भाग पिल्लांचा असणार. ती कुटुंबाखाली मोजा, जातींच्या यादीत अंदाजाने ढकलू नका. यासाठी स्टिरिओ मायक्रोस्कोप लागतो; कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात विनंती करा.

भू-भुंगेऱ्यांत, म्हणजे कॅराबिडीत, सर्वांत जास्त घोळ होतो तो टेनेब्रिओनिडी या दुसऱ्या कुटुंबाशी. दोन्ही काळे, दोन्ही जमिनीवर. उलटा करून पाहा: भू-भुंगेऱ्याच्या मागच्या पायाचं मूळ पोटाच्या पहिल्या खंडाला मधोमध दुभागतं, आणि मांडीच्या मुळाशी एक फुगीर उंचवटा असतो. सगळ्या पायांच्या टोकाच्या पंजाला पाच-पाच पेरं. टेनेब्रिओनिडीच्या मागच्या पायाच्या पंजाला चारच पेरं, आणि त्याच्या मिशांचं मूळ डोक्याच्या कडेखाली झाकलेलं. जिवंत असताना चालही सांगते: भू-भुंगेरा पळतो, दुसरा सावकाश चालतो.

काळ्या अंगावर सहा पांढरे ठिपके असलेला अँथिया हा मोठा भू-भुंगेरा दिसला तर चेहरा जवळ नेऊ नका, तो आम्ल फवारतो. बॉम्बार्डियर भुंगेरा तर पोटात दोन रसायनं एकत्र करून उकळत्या तापमानाचा फवारा सोडतो; चिमट्यानेच उचला. जमिनीत बीळ करणारा स्कॅराइट्स त्याच्या दणकट जबड्यांनी आणि मधल्या बारीक कमरेने ओळखू येतो. काही भू-भुंगेरे गवताचं बीही खातात, म्हणून "सगळेच शिकारी" असं लिहू नका.

कोळ्याचं नाव ठरवण्याआधी वर्ल्ड स्पायडर कॅटलॉग या जगभरच्या कोळ्यांच्या ऑनलाइन यादीत ती जात भारतातून नोंदलेली आहे का ते पाहा. फोटो आयनॅचरॅलिस्टवर किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर टाकताना वरून, समोरून आणि बाजूने असे तीन टाका, शेजारी पट्टी ठेवून. टॅरंटुलाचं बीळ सापडलं तर ठिकाण झाकून ठेवा. पाळण्यासाठी ते चोरून विकले जातात.

११. आकडे मांडा

जातींची संख्या सरळ मोजून दोन जागांची तुलना करू नका. जिथे जास्त नमुने, तिथे जास्त जाती दिसणारच. समान नमुना-संख्येवर आणून, म्हणजे दोन्हीकडच्या सारख्याच संख्येच्या प्राण्यांत किती जाती येतात ते पाहून, तुलना करा. किती जाती अजून हाती लागल्या नाहीत याचा अंदाज चाओ-१ या साध्या सूत्राने येतो: एकदाच सापडलेल्या जातींच्या संख्येचा वर्ग, भागिले दोनदा सापडलेल्यांच्या संख्येची दुप्पट, आणि त्यात सापडलेल्या जाती मिळवा. समजा ३० जाती सापडल्या, त्यांतल्या १२ एकेकदाच आणि ६ दोनदा. मग १४४ भागिले १२, म्हणजे १२, अंदाज ४२. याचा अर्थ काम अजून अपुरं आहे, पुढचा टप्पा गाळू नका.

केवळ एकूण आकड्यावर थांबू नका. कापल्यावर जाळी विणणारे गेले आणि उघड्या जमिनीवर पळणारे आले, तर एकूण संख्या तीच राहू शकते. कोण गेलं आणि कोण आलं, हे वेगवेगळं लिहा.

१२. निकाल गवत कापणाऱ्यांपर्यंत पोहोचवा

यादी मासिकात छापून येईल तेव्हा येईल. तुमच्या जागेचा कारभार ज्यांच्या हाती आहे त्यांना दोन पानांचा मराठी अहवाल द्या, आणि तो ऑगस्टमध्येच द्या, कारण पाऊस संपला की कापणीची कामं सुरू होतात आणि मग कोणी ऐकत नाही. मागण्या मोजक्या आणि करता येण्यासारख्या ठेवा. सगळं गवत एका दिवशी न कापता पट्ट्यापट्ट्यांनी कापा. दहा सेंटीमीटर उंची ठेवा. एक तृतीयांश भाग वर्षभर राखा आणि दरवर्षी तो बदला. कापलेलं गवत दोन दिवस पडू द्या, म्हणजे त्यातले प्राणी बाहेर पडतील, मग उचला, जाळू नका. आणि मुरमाड गवताळ उताराला पडीक समजून तिथे रोपं लावू नका. ही शेवटची मागणी सर्वांत जास्त अडते, कारण झाड लावणं सगळ्यांना पुण्याचं वाटतं. तिथे तुमची यादी पुढे करा: या गवतात राहणारे हे जीव झाडाच्या सावलीत टिकणार नाहीत.

अहवालाची एक प्रत महानगरपालिकेच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला द्या आणि लोक जैवविविधता नोंदवहीत (परिसरातल्या जीवांच्या स्थानिक नोंदीत) तुमची यादी घ्यावी असा अर्ज सोबत जोडा. ज्या माळ्याने तुम्हाला गवताची माहिती दिली, त्यालाही एक प्रत द्या. लेबल लावलेले नमुने घरात न ठेवता विद्यापीठाच्या किंवा कॉलेजच्या संग्रहात पोच घेऊन जमा करा, आणि तिथलं अल्कोहोल दर सहा महिन्यांनी कोण तपासणार, हे त्याच दिवशी ठरवून या.